घरच्या काट्यातले पावणेदोन किलो

मी, खाली सही करणारा, वय पूर्ण एकोणसत्तर, धंदा वजनकाटे दुरुस्त करणे व तपासून देणे (दोन वर्षांपासून बंद), हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून सांगत आहे आणि समोर बसलेला छपाईवाला ते टाइप करून घेत आहे. माझे डोके ताळ्यावर आहे. हृदयाबद्दल तसे म्हणता येत नाही. आत आलेल्या रक्तातले जेमतेम तीस टक्के ते पुढे ढकलते, असे रिपोर्टात लिहिले आहे. मात्र मृत्युपत्राला डोके लागते, हृदय नाही, असे वकिलाने सांगितले. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

कोणी मला धाक दाखवलेला नाही आणि कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. उलट घरच्या सर्वांचे म्हणणे "आत्ता कशाला" असेच होते.

यापूर्वी, सहा वर्षांमागे, मी एक मृत्युपत्र केले होते. ते आजपासून रद्द समजावे. त्यात माझ्या धाकट्या भावाचा उल्लेख नव्हता आणि तो मी मुद्दामच केला नव्हता.

कलम १. पहिल्या मजल्यावरचे हे घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, माझ्यानंतर संपूर्णपणे माझ्या पत्नीचे. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे किंवा कुलूप घालून कुठेही जावे. तिच्यानंतर ते आमच्या एकुलत्या मुलीचे. "आई एकटी कशी राहील" या काळजीपोटी तिच्या हयातीत तिला कोणी या घरातून हलवू नये. हलायचे असेल तेव्हा ती स्वतः सांगेल.

कलम २. बँकेत जे काही असेल ते पत्नीचे. फार नाही. मोजायला बसू नये.

कलम ३. हे कलम वाटणीचे नाही, पण पुढचे समजण्यासाठी लागते. शिवाय ज्यांनी माझे केले त्यांची नोंद सही-शिक्क्याच्या कागदावर असावी, अशी माझी इच्छा आहे.

अडीच वर्षांपूर्वी मला आडवे झाले की खोकला येऊ लागला. गल्लीतल्या डॉक्टरने चार महिने खोकल्याचे औषध दिले. एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या. मग घराच्या बावीस पायऱ्यांपैकी अकराव्या पायरीवर बसावे लागू लागले. मी म्हणायचो, वय झाले. शेवटी मुलगी मला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली आणि तिथे कळले की खोकला फुप्फुसांत साठणाऱ्या पाण्याचा आहे. गल्लीतल्या डॉक्टरवरचा राग मी येथे सोडून देत आहे. निम्मा.

हॉस्पिटलात हृदयाच्या पेशंटांना शिकवणाऱ्या एक सिस्टर आहेत. त्यांनी विचारले, "काका, धंदा काय तुमचा?"

"वजनकाटे."

"मग तुम्हाला काय शिकवायचं? रोज सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आलात की, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत काट्यावर उभं राहायचं. आकडा वहीत लिहायचा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर आम्हाला फोन. वाट बघायची नाही. ते अंग भरलेलं नसतं काका, पाणी असतं."

घरी आलो आणि माझ्याभोवती तिघे कामाला लागले. पत्नीने माझ्या जेवणातले मीठ काढले, आणि मग माझ्यासमोर खारट कसे खायचे म्हणून स्वतःच्याही जेवणातले काढले. तिला कोणी सांगितले नव्हते. दिवसाचे दीड लिटर पाणी ती सकाळी एका तांब्याच्या जगात भरून ठेवी. जग रिकामा झाला की पाणी संपले, मग मी कितीही तोंड वाकडे केले तरी. मुलगी दर रविवारी येऊन आठवड्याच्या गोळ्या सात खणांच्या डबीत भरते. जावई सुतार आहे. त्याने अकराव्या पायरीपाशी भिंतीला घडीची फळी ठोकून दिली. वर जाताना फळी पाडायची, बसायचे, श्वास आला की मिटायची. आता इमारतीतले सगळेच तिथे बसतात आणि गप्पा मारतात.

रोजचे वजन हे मात्र आम्हा दोघांचे काम. मी काट्यावर उभा राहायचो. वाकले की मला धाप लागते, म्हणून पत्नी खाली बसून आकडा वाचायची आणि वहीत लिहायची. त्रेसष्ट. त्रेसष्ट पॉइंट दोन. बासष्ट पॉइंट नऊ. असे दहा महिने चालले, आणि ते दहा महिने मी बरा होतो.

कलम ४. माझ्या भावाविषयी.

दुकान आमच्या वडिलांचे. आम्ही दोघे भाऊ एकाच टेबलावर समोरासमोर बसून काम शिकलो. हात त्याचा माझ्यापेक्षा हलका. वीस वर्षांपूर्वी एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या काट्यात त्याने किलोमागे पन्नास ग्रॅमची गडबड करून दिली. मला ते काट्यावरचे सील पाहून कळले. मी त्याला काही विचारले नाही. सरळ वजनमापाच्या इन्स्पेक्टरकडे गेलो. भावाचा परवाना दोन वर्षांसाठी गेला. दुकानाच्या मधोमध मी भिंत घातली. त्याचा अर्धा भाग त्याला दिला, पण वडिलांची पितळी वजनांची पेटी दिली नाही. आणि भर रस्त्यात, चार लोकांसमोर म्हणालो, "काटा खोटा करणाऱ्या हातानं माझ्या घरचं पाणी प्यायचं नाही."

त्यानंतर अठरा वर्षे आम्ही एका भिंतीच्या दोन बाजूंना काम केले. त्याच्या कानशीचा आवाज मला ऐकू यायचा. माझा त्याला येत असणार. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका पोस्टाने आली. मी गेलो नाही. पत्नीलाही जाऊ दिले नाही.

कलम ५. माझा अपराध.

छपाईवाल्याने येथे "चूक" असे टाइप केले होते. मी शब्द बदलून घेतला.

पत्नीची थोरली बहीण लांब राहते, बसने आठ तास. आजार सुरू झाल्यापासून पत्नी तिच्याकडे गेली नव्हती. मागच्या वर्षी बहिणीने फोनवर फार आग्रह केला, मुलीने तिकीट काढून दिले, गुरुवारची सकाळची बस ठरली. आठ दिवस राहून यायचे होते. पत्नीने दोन साड्या इस्त्रीला दिल्या. कितीतरी दिवसांनी ती गुणगुणताना ऐकली.

त्याआधीच्या शनिवारी माझे वजन वाढलेले दिसले. पत्नी उठण्याआधी मी एकटाच काट्यावर उभा राहिलो होतो आणि भिंतीला धरून, कसाबसा वाकून, आकडा पाहिला होता. पाय सुजू लागले आहेत हे मला त्याआधीच माहीत होते. मी घरात मोजे घालत होतो. आकडा तिने वाचला असता तर तिने सिस्टरना फोन केला असता, आणि इस्त्रीच्या साड्या पुन्हा कपाटात गेल्या असत्या.

असल्या सुईच्या काट्याला मागे शून्य जुळवायची एक लहान चकती असते. शनिवारी मी ती अंगठ्याने थोडी फिरवली. मंगळवारी पुन्हा थोडी. दोन खेपांत मिळून पावणेदोन किलो. मला मोजावे लागले नाही, बोटांना कळते.

पत्नीने रोज वाचले, रोज लिहिले. त्रेसष्ट. त्रेसष्ट पॉइंट एक. "छान आहे हो," म्हणाली आणि बॅग भरायला गेली.

तिला माहेरचे माणूस भेटावे म्हणून मी हे केले, असे मी स्वतःला सांगत होतो. ते खरे आहे, पण निम्मे. उरलेले असे की मला कंटाळा आला होता. जन्मभर मी लोकांचे काटे वाचले. रोज सकाळी उठून कोणीतरी मला वाचावे, हे मला सोसेना. आठ दिवस मला कोणी पाहू नये, असे वाटले.

गुरुवारी ती गेली. संध्याकाळी मुलगी येऊन डोकावून गेली. मी मोजे घालून पेपर वाचत होतो. शुक्रवारी सकाळी, डॉक्टरांनी बंद करायला लावलेले दुकान उघडावे असे मनात आले आणि मी बावीस पायऱ्या उतरून गेलो. अकराच्या सुमारास शटर अर्धेच वर झाले. श्वास आत जाईना. मी टेबलावर दोन्ही हात टेकून पुढे वाकून बसलो. बुडणाऱ्या माणसाला काय वाटते ते मला तेव्हा कळले, आणि मी कोरड्या जमिनीवर होतो.

शटर अर्धे राहिलेले माझ्या भावाने पाहिले. तो वाकून आत आला. एकोणीस वर्षांनी पहिल्यांदा. "दादा, बोलू नकोस," एवढेच म्हणाला. कोणाच्या तरी टेंपोत मला बसवले आणि सबंध रस्ताभर मागून छातीने टेका देऊन सरळ धरून ठेवले, कारण मागे रेलले की मला गुदमरत होते. हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

अकरा दिवस मी हॉस्पिटलात होतो. अंगातून तीन किलो पाणी काढले. पत्नी बहिणीकडे एक रात्र राहून परत आली. दुसऱ्या दिवशी सिस्टर वही उघडून उभ्या राहिल्या. "एवढं पाणी दोन दिवसांत नाही साठत. आठवडाभर साठत असणार. पण वहीत तर सगळं सरळ दिसतंय."

त्या बाहेर गेल्या. दाराबाहेर मुलीचा आवाज आला, "आई, तू नीट बघत होतीस ना? चष्मा लावून?"

"लावत होते गं." मग, "एखाद दिवशी नसेन लावला. जायच्या गडबडीत होते ना मी."

मी जागा होतो. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तो बाजूला करायला दोन बोटे पुरली असती. मी केला नाही.

त्याच संध्याकाळी भाऊ भेटायला आला. मुलीबरोबर माझे कपडे आणायला तो आमच्या घरी जाऊन आला होता. खोलीत आम्ही दोघेच होतो. उशी सारखी करण्याच्या निमित्ताने तो वाकला आणि म्हणाला, "दादा, घरातला काटा मी शून्यावर आणून ठेवलाय."

मी त्याच्याकडे पाहिले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

मी म्हणालो, "कुणाला बोललास?"

"नाही. मी कुणाला सांगणार? तू इन्स्पेक्टरला सांगितलंस तेव्हा काय झालं ते बघितलंय मी."

त्यानंतरचे चौदा महिने या कलमात सर्वांत जड आहेत. पत्नी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. त्यांनी नजर ठीक असल्याचे सांगितले, तरी तिने नवा चष्मा करून घेतला. आकडा ती एकदा चष्मा लावून वाचू लागली, एकदा काढून. तरीही खात्री वाटली नाही की तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना हाक मारू लागली. "बाई, एकदा बघता का? माझा भरवसा नाही." बहिणीचा फोन आला की सांगायची, "मी गेले म्हणून झालं सगळं. आता नको." मी शेजारच्या खोलीत ऐकत असायचो. रोज ठरवायचो की आज सांगावे. रोज सकाळी काट्यावर मुकाट उभा राहायचो.

कलम ६. हे कलम मी आधी केलेल्या मसुद्यात नव्हते.

मूळ बेत असा होता की कलम ५ माझ्या मरणानंतर वाचले जावे. छपाईवाला ते टाइप करून थांबला. त्याचा माझा चाळीस वर्षांचा परिचय. त्याच्या कागदाच्या रिमांचा काटा माझ्याकडेच यायचा. म्हणाला, "हे वहिनींना तुम्ही गेल्यावर कळणार?"

"हो."

"आणि मग त्यांनी भांडायचं कुणाशी?"

छपाईवाला कागद मशीनमध्ये तसाच ठेवून घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी आला नाही.

म्हणून, आजपासून सव्वीस दिवसांपूर्वी, एका दुपारी, मी पत्नीला, मुलीला आणि भावाला या खोलीत बसवले आणि कलम ५ वाचून दाखवले. मोठ्याने वाचताना मला चार वेळा थांबावे लागले. त्यातले दोनच वेळा श्वासासाठी.

मुलगी रडली. आईच्या मांडीवर डोके ठेवून म्हणाली, "मी तुला काय काय बोलले गं." भाऊ खिडकीबाहेर पाहत राहिला.

पत्नी म्हणाली, "म्हणजे माझे डोळे चांगले होते."

मी म्हणालो, "हो."

"चौदा महिने तुम्ही बघत होतात मला."

"हो."

ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि माझ्या पाण्याचा जग धुऊ लागली. बराच वेळ धूत होती.

पुढचे आठ दिवस ती माझ्याशी कामापुरते बोलली. गोळी घ्या. पाय वर ठेवा. रोज सकाळी काटा मात्र न चुकता मांडला आणि आकडा एकदाच वाचला. शिक्षिकाबाईंना हाक मारली नाही. नवव्या दिवशी भाऊ आला असताना ती त्याला म्हणाली, "भावजी, मी ताईकडे जाणार आहे. पंधरा दिवस. सकाळी येऊन वजन तुम्ही बघाल का? यांनी वाचायचं नाही, तुम्ही वाचायचं."

"येईन वहिनी."

"आणि चहा इथंच घेत जा. पाणीसुद्धा."

कलम ७. वडिलांची पितळी वजनांची पेटी, पाच किलोपासून एक ग्रॅमपर्यंत, चिमट्यासह, माझ्या भावाची. ती मी मरेपर्यंत वाट न पाहता गेल्या सोमवारी त्याच्या हातात दिली आहे, तेव्हा हे कलम केवळ नोंदीपुरते. दुकानाचा माझा अर्धा भाग आणि सर्व हत्यारेही त्याचीच. मधली भिंत पाडावी. जाड लाकडाचे कामाचे टेबल मात्र जावयाचे. त्याच्याइतकी त्याची कदर कोणी करणार नाही.

वीस वर्षांपूर्वी ते का केलेस, असे मी त्याला परवा विचारले. तेव्हा विचारायला हवे होते. तो म्हणाला, "घाबरलो होतो. व्यापारी म्हणाला, नाही केलंस तर बाजारातले सगळे काटे दुसरीकडे नेतो. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, नेऊ दे. आणि ते खरं होतं. पण तू तुझ्या जिवावर म्हणाला असतास, माझ्याकडे लहान पोरगी होती." एवढे बोलून तो काटा पुसायला लागला. मी इन्स्पेक्टरकडे गेलो ते बरोबर होते, असे मी आजही मानतो. त्याला आधी न विचारता गेलो आणि नंतर कधीच विचारले नाही, ते बरोबर नव्हते.

कलम ८. वजनाच्या तीन वह्या हॉस्पिटलातल्या सिस्टरना द्याव्यात. नव्या पेशंटांना दाखवायला त्यांनी मागितल्या आहेत. त्यातल्या खोट्या आठवड्याची पाने मी लाल पेनाने खुणावली असून, आकडे वाचणाऱ्याने बरोबर वाचले होते, काटा चुकीचा होता व तो कोणी चुकवला, हे समासात लिहून सही केली आहे.

कलम ९. माझे हृदय एक दिवस थकेल. तेव्हा मला पुन्हा यंत्रांवर ठेवायचे की घरी या खुर्चीत राहू द्यायचे, हा निर्णय माझ्या पत्नीचा. मी घरी राहणे पसंत करीन. डॉक्टरांशी याबाबत बोलणे झाले आहे. मुलीने आईला घाई करू नये आणि भावाने तिच्या शेजारी बसावे.

मी गेल्यावर "त्या दिवशी वजन पाहिलं होतं का", "पाणी जास्त झालं का", "फोन आधी करायला हवा होता का" असे प्रश्न माझ्या पत्नीला कोणीही, कोणत्याही निमित्ताने, विचारू नयेत. हे कलम नातेवाइकांना आणि भेटायला येणाऱ्या सर्वांना लागू आहे. ज्याला राहवणार नाही त्याने दारातूनच परत जावे.

मुलीने वर्षातून एकदा स्वतःचे हृदय तपासून घ्यावे. धाप लागली तर वय झाले म्हणू नये. पाय सुजले तर मोजे घालू नयेत.

कलम १०. पत्नीने जाण्याआधी हा मसुदा वाचला. तिच्या सांगण्यावरून येथे स्पष्ट नमूद करतो की तिने मला माफ केलेले नाही. "माफ केलं असं कुठं लिहू नका. अजून केलेलं नाही. केलं तर सांगेन," असे तिचे शब्द आहेत. त्यात मला काडीचाही बदल करायचा नाही.

ती बहिणीकडे गेल्याला आज बारा दिवस झाले. आज सकाळी तिचा फोन आला. वजनाचे विचारले नाही. ते ती भावाला विचारते. म्हणाली, "आज आठ वाजेपर्यंत झोपले होते मी. ताईनं उठवलंच नाही." मग म्हणाली, "उद्याही झोपणार आहे."

हे सर्व मी पूर्ण जाणिवेने सांगितले, मला वाचून दाखवले गेले, आणि जसे सांगितले तसेच उतरले आहे याची खात्री करून खाली सही करत आहे. पानांची संख्या पाच; प्रत्येक पानावर माझी सही आहे. हात किंचित थरथरतो, तो गोळीमुळे. सही माझीच आहे.

मृत्युपत्र करणार: वजनकाटे दुरुस्त करणारा (सही)

साक्षीदार पहिला: छपाईवाला. याने मजकूर टाइप केला व एक दिवस टाइप करण्याचे नाकारले. (सही)

साक्षीदार दुसऱ्या: तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका. यांनी शुद्धलेखन तपासले व अकरा चुका काढल्या. (सही)

भाऊ खोलीत हजर होता. त्याला या कागदाने हिस्सा मिळत असल्यामुळे साक्षीदार म्हणून सही घेतलेली नाही.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली.
तारीख: नऊ नोव्हेंबर, सकाळी सव्वादहा वाजता.